ऊर्जेच्या आयात-निर्यात नियमांतील बदल आणि 'हरकती व सूचना' : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' ही शब्दावली महाराष्ट्रातील वृत्तपत्रवाचकांच्या चांगल्याच परिचयाची आहे. नगररचनेचा आराखडा असो, वीजदरवाढीचा प्रस्ताव असो की एखाद्या बंदराचा विस्तार असो, आतल्या पानावर निविदांच्या शेजारी ही सूचना छापून येते, तिची मुदत संपते आणि पुढे काय झाले हे सहसा कळत नाही. ऊर्जेच्या आयात-निर्यातीचे नियम बदलताना मात्र ही सूचनाही बहुधा आपल्यापर्यंत पोहोचत नाही. कच्चे तेल, द्रवीभूत पेट्रोलियम वायू (एलपीजी), द्रवीभूत नैसर्गिक वायू (एलएनजी), कोळसा आणि वीज यांच्या देशाबाहेरील व्यापाराचे नियम दिल्लीत ठरतात आणि त्यांचे मसुदे इंग्रजीत, फार तर हिंदीतही, संकेतस्थळांवर ठेवले जातात. या व्यापारातील माल ज्या किनाऱ्यावर उतरतो, तेथील माणसाने त्याविषयी काही म्हणावयाचे असेल तर ते कोठे, केव्हा व कोणत्या अधिकाराने म्हणावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ कायद्याच्या अभ्यासकांचा नाही. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांची घरे उरण, पनवेल, पेण, अलिबाग, रोहा, मुरूड या तालुक्यांतील शेती, मासेमारी किंवा बंदरावरील रोजगार यांवर उभी आहेत. राज्यशास्त्राच्या वर्गात 'लोकसहभाग' शिकविताना उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज पडू नये.

किनाऱ्यावर उतरणारी ऊर्जा :

१९७४ साली 'सागरसम्राट' या तरंगत्या फलाटावरून मुंबई हायचा शोध लागला आणि १९७६ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. या तेलाला व वायूला किनाऱ्यावर येण्यासाठी जी जागा मिळाली ती उरणची. समुद्रतळावरील वाहिन्यांतून येणारे तेल आणि वायू उरण येथील तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या प्रकल्पात घेतले जाऊ लागले. त्याच वायूवर उरणचे वायू-विद्युत केंद्र उभे राहिले आणि त्यातील इथेन-प्रोपेन या घटकांवर नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आला. म्हणजे प्रारंभी रायगडचा किनारा देशी ऊर्जेचा किनारा होता.

पुढील काळात हे चित्र पालटले. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि नंतर तेथे द्रव मालासाठी धक्का आला. उरणच्या वायू-विद्युत केंद्राची क्षमता ६७२ मेगावॉट असली तरी पुरेशा वायूअभावी ते वर्षानुवर्षे अपुऱ्या क्षमतेने चालत आले. नागोठण्याच्या प्रकल्पाला आता दहेज येथे उतरणाऱ्या अमेरिकी इथेनचा पुरवठा दहेज–नागोठणे वाहिनीतून होतो. धरमतर खाडीतून बार्जमधून येणारा परदेशी कोळसा डोलवीच्या पोलाद कारखान्यात जातो. अलिबागजवळील उसर येथे गेल कंपनीने प्रोपेनपासून पॉलिप्रॉपिलीन तयार करण्याचा, वार्षिक पाच लाख टन क्षमतेचा प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी २०२४ साली भारत पेट्रोलियमशी पंधरा वर्षांचा करार झाला. वर्षाला सहा लाख टन प्रोपेन उरण येथील एलपीजी आयात केंद्रातून मिळावयाचे आणि कराराची एकूण किंमत सुमारे ६३ हजार कोटी रुपये, असे त्याचे स्वरूप आहे. उरणहून चाकण-शिक्रापूरकडे एलपीजी नेणारी वाहिनी घाट चढून जाते. पुण्याच्या स्वयंपाकघरातील सिलिंडरचा उरणच्या समुद्राशी असलेला संबंध त्या वाहिनीत आहे.

देशाच्या पातळीवर कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक आणि एलपीजीच्या गरजेपैकी सुमारे ६० टक्के भाग आयातीतून भागतो. त्यामुळे आयातशुल्कात, परवाना पद्धतीत किंवा साठवणुकीच्या नियमांत झालेला किरकोळ वाटणारा बदलही कोणत्या धक्क्यावर किती जहाजे लागतील, किती टाक्या उभ्या राहतील आणि कोणत्या खाडीत गाळ काढला जाईल हे ठरवितो. कारण आणि परिणाम यांत शेकडो मैलांचे अंतर आहे, एवढेच.

पूर्वप्रसिद्धी म्हणजे काय :

नियम करण्यापूर्वी मसुदा लोकांसमोर ठेवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. सर्वसाधारण परिभाषा अधिनियम, १८९७ याच्या कलम २३ मध्ये तिची रीत दिलेली आहे. एखाद्या अधिनियमाने नियम करण्याचा अधिकार 'पूर्वप्रसिद्धीच्या अटीवर' दिला असेल, तर संबंधित प्राधिकाऱ्याने बाधित होण्याचा संभव असलेल्या व्यक्तींच्या माहितीसाठी मसुदा प्रसिद्ध करावा, तो कोणत्या तारखेस विचारात घेतला जाईल ते सांगावे आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती व सूचनांचा विचार करावा, असे हे कलम सांगते. येथवर सारे सरळ आहे. परंतु याच कलमात आणखी एक तरतूद आहे. पूर्वप्रसिद्धीनंतर केलेला म्हणून जो नियम राजपत्रात प्रसिद्ध होतो, तो रीतसर केला गेला याचा ती प्रसिद्धी हाच निर्णायक पुरावा मानला जातो. हरकत का फेटाळली याची कारणे देण्याचे बंधनही त्यात नाही. एका हाताने दिलेला अधिकार दुसऱ्या हाताने बराचसा पातळ केलेला आहे, असे म्हटल्यास ते फारसे अन्यायाचे होणार नाही. वसाहतकाळातील कायद्याकडून याहून अधिक अपेक्षा करणेही चूकच.

येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा लागतो. दिल्लीतून येणारा प्रत्येक आदेश 'नियम' नसतो. संसदेने केलेला अधिनियम, त्याखाली शासनाने केलेले नियम, नियामक आयोगाने केलेले विनियम, मंत्रालयाने काढलेली मार्गदर्शक तत्त्वे, आणि नुसते कार्यालयीन ज्ञापन, अशी ही उतरंड आहे. नागरिकाच्या दृष्टीने यांतील फरक अत्यंत व्यावहारिक आहे, कारण त्यांपैकी कशासाठी आपले म्हणणे ऐकून घेणे सक्तीचे आहे आणि कशासाठी ऐच्छिक, हे त्यावर ठरते.

वीज अधिनियम, २००३ याच्या कलम १७८(३) नुसार केंद्रीय वीज नियामक आयोगाचे सर्व विनियम पूर्वप्रसिद्धीच्या अटीस अधीन आहेत. राज्य आयोगांसाठी तशीच तरतूद कलम १८१(३) मध्ये आहे. शेजारी देशांशी होणाऱ्या विजेच्या व्यापारासाठी केंद्रीय आयोगाने २०१९ साली विनियम केले ते याच मार्गाने, आधी मसुदा प्रसिद्ध करून. परंतु त्या विनियमांच्या डोक्यावर ऊर्जा मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती प्रथम डिसेंबर २०१६ मध्ये निघाली. त्यांतील मालकीविषयक अटींवर नेपाळ व भूतान यांनी नाराजी व्यक्त केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये त्यांच्या जागी नवी, अधिक सैल तत्त्वे आली. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात सत्तांतर झाले. पंतप्रधान शेख हसीना यांनी ५ ऑगस्ट रोजी पद सोडले आणि १२ ऑगस्ट रोजी ऊर्जा मंत्रालयाच्या ज्ञापनाने २०१८ च्या तत्त्वांत दुरुस्ती झाली. केवळ निर्यातीसाठी उभारलेल्या वीजकेंद्राला, ठरावीक परिस्थितीत, देशांतर्गत जाळ्यात वीज विकण्याची मुभा मिळाली. झारखंडमधील गोड्डा येथील १६०० मेगावॉटचे केंद्र हे अशा केंद्राचे ठळक उदाहरण होय. दुरुस्तीमागील कारण समजण्यासारखे आहे. एवढ्या क्षमतेचे केंद्र एका देशाच्या राजकीय अस्थैर्यावर टांगून ठेवणे शहाणपणाचे नव्हते. तथापि विनियमाच्या मसुद्यासाठी महिने लागतात आणि त्याच विषयावरील वरिष्ठ दस्तऐवज एका आठवड्यात बदलतो, ही गोष्ट सल्लामसलतीच्या मर्यादा पुरेशा स्पष्ट करते.

पेट्रोलियम व नैसर्गिक वायू क्षेत्रासाठी २००६ च्या अधिनियमाने नियामक मंडळ स्थापन झाले. एलएनजी केंद्र उभारू इच्छिणाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करावी, असे या अधिनियमाचे कलम १५ सांगते. मंडळ आपल्या विनियमांचे मसुदे संकेतस्थळावर ठेवते, लेखी अभिप्राय मागविते आणि खुल्या बैठकाही घेते. अशा प्रक्रियेत कंपन्या, त्यांचे महासंघ आणि वकील सहज सामील होऊ शकतात. करंजा किंवा मोरा येथील मच्छीमार सहकारी संस्थेच्या कार्यालयात मात्र तो मसुदा आपोआप येत नाही.

व्यापार धोरणाची वेगळी रीत :

आयात-निर्यातीचा मूळ कायदा म्हणजे विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२. त्याच्या कलम ३ खाली आयात वा निर्यात यांवर बंदी, निर्बंध किंवा नियमन घालण्याचे आणि कलम ५ खाली विदेश व्यापार धोरण जाहीर करण्याचे अधिकार केंद्र शासनास आहेत. या दोहोंना पूर्वप्रसिद्धीची अट नाही. याचा परिणाम १ जुलै २०२२ रोजी दिसला. त्या दिवशी पेट्रोल, डिझेल व विमान इंधनाच्या निर्यातीवर कर बसला आणि निर्यातदारांनी निर्यात केलेल्या पेट्रोलच्या ५० टक्के व डिझेलच्या ३० टक्के इतके इंधन देशांतर्गत बाजारात पुरवावे, असे बंधन आले. निर्यातीवरील तो कर अनेक फेरबदलांनंतर डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला.

अशा निर्णयाची आगाऊ सूचना द्यावी काय? प्रस्तुत लेखकाच्या मते येथे सरसकट 'होय' म्हणणे योग्य नाही. निर्यातबंदी येणार असे महिनाभर आधी जाहीर केले, तर त्या महिन्यात सारा साठा बंदराबाहेर जाईल. किमतीला, साठ्याला किंवा युद्धस्थितीला तातडीने उत्तर देणारा आदेश आणि दहा-वीस वर्षांची गुंतवणूक ठरविणारा नियम यांना एकच फूटपट्टी लावता येत नाही. अडचण अशी की, आपल्याकडे तातडीच्या आदेशांची सवय दीर्घकालीन नियमांनाही लागते.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२५ मध्ये विदेश व्यापार धोरण २०२३ यात १.०७अ आणि १.०७ब हे परिच्छेद घालण्यात आले, हा बदल महत्त्वाचा आहे. धोरण तयार करताना किंवा त्यात दुरुस्ती करताना आयातदार, निर्यातदार, उद्योगातील तज्ज्ञ इत्यादी संबंधितांशी सल्लामसलत करावी आणि त्यांचे म्हणणे स्वीकारले नाही तर त्याची कारणे कळविण्याची यंत्रणा असावी, असा त्यांचा आशय आहे. अपवादात्मक परिस्थितीत शासनाने स्वतःहून निर्णय घेण्याची मोकळीक त्यात राखलेली आहे आणि ती रास्त आहे. कारणे कळविण्याची कल्पना तर १८९७ च्या कलमाच्याही पुढे जाणारी आहे.

मात्र 'संबंधित' कोण, हा प्रश्न उरतोच. इंग्रजीतील 'स्टेकहोल्डर' या शब्दासाठी मराठीत 'हितसंबंधी', 'हितधारक', 'भागधारक' असे नाना पर्याय वापरले जातात आणि त्यांतील गोंधळ बोलका आहे. 'भागधारक' म्हणजे ज्याचे कंपनीत भांडवल आहे तो. 'हितसंबंधी' या शब्दाला मराठीत स्वार्थाचा वास येतो. ज्याचे भांडवल नाही आणि स्वार्थही नाही, पण जहाजांच्या मार्गात ज्याची डोल लागते, त्याच्यासाठी धोरणाच्या भाषेत अजून शब्द नाही. व्यापार धोरणातील यादी आयातदार-निर्यातदारांपासून सुरू होते आणि व्यवहारात तेथेच संपते, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

महाराष्ट्राने शिकलेला एक धडा :

सल्लामसलत टाळण्याची किंमत काय असते, हे महाराष्ट्राइतके क्वचितच कोणत्या राज्याने मोजले असेल. रायगडला लागून असलेल्या रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ प्रकल्पाचा सामंजस्य करार २० जून १९९२ रोजी झाला आणि वीज खरेदी करार ८ डिसेंबर १९९३ रोजी. स्पर्धात्मक निविदा नव्हत्या आणि वीज खरेदी करार बराच काळ लोकांसमोर आला नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये युती शासनाने तो रद्द केला, पुढे फेरवाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबविले. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००१ साली या व्यवहारातील दोषांची चिकित्सा केली. विषयाच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाची बाब ही की, दाभोळ हा मुळात ऊर्जेच्या आयातीचा प्रकल्प होता. परदेशी एलएनजी, डॉलरशी बांधलेला दर आणि वीस वर्षे न फिरविता येणारी बांधिलकी ही त्याची तीन अंगे होती. एलएनजीची जहाजे तेथे प्रत्यक्षात २०१३ मध्ये येऊ लागली आणि लाटरोधक बांध अपुरा असल्याने पुढील अनेक वर्षे पावसाळ्यात ती लागू शकत नव्हती. कोकणातील कोणत्याही नाखव्याने जूनमधील समुद्राविषयी जे सांगितले असते, ते ऐकून घेण्यासाठी कागदावर जागा नव्हती.

या अनुभवानंतरच, १९९९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या सुनावण्यांना एक वजन प्राप्त झाले. २००० सालच्या पहिल्या दरनिश्चितीपासून जाहीर सुनावणी ही रीत रूढ झाली. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेने आणि मुंबई ग्राहक पंचायतीने आकडेवारीनिशी हरकती मांडण्याचा पायंडा पाडला. वीज अधिनियमाच्या कलम ९४(३) नुसार ग्राहकांचे प्रतिनिधित्व करण्यासाठी व्यक्ती नेमण्याचा अधिकार आयोगास आहे. ग्राहक एकटा असतो आणि कंपनीकडे वकिलांची फौज असते, ही विषमता या तरतुदीने काही अंशी भरून निघते. आयोगाच्या आदेशात प्रत्येक प्रमुख हरकत, त्यावर कंपनीचे उत्तर आणि आयोगाचे मत अशी मांडणी असते. सामान्य ग्राहकाची हरकत मान्य होवो वा न होवो, ती वाचली गेली एवढे तरी त्याला कळते. ऊर्जेच्या आयात-निर्यातीच्या क्षेत्रात तंतोतंत अशीच व्यवस्था का असू नये, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकास मिळालेले नाही.

न्यायालयांनीही याच दिशेने पावले टाकली आहेत. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार प्राधिकरणाचा 'कॉल ड्रॉप'विषयक विनियम रद्द करताना पारदर्शक सल्लामसलतीवर भर दिला आणि गौण विधिविधानासाठी सार्वजनिक सल्लामसलतीचा सर्वसाधारण कायदा करण्याचा विचार संसदेने करावा, असे सुचविले. त्यापूर्वी, २०१४ साली, केंद्राने विधिपूर्व सल्लामसलतीचे धोरण स्वीकारले होते. मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा आणि त्यासोबत सोप्या भाषेतील टिपण द्यावे, असे ते सांगते. हे धोरण आहे, कायदा नाही.

जनसुनावणी आणि तिच्या सीमा :

किनाऱ्यावरील माणसाला आजवर जो आवाज मिळाला, तो मुख्यतः पर्यावरणीय जनसुनावणीतून. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाने राष्ट्रीय आणि प्रादेशिक भाषेतील दैनिकांत किमान तीस दिवसांची सूचना द्यावयाची असते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी असतो. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो, कामकाजाचे चित्रीकरण होते आणि इतिवृत्त उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. गणसंख्येची अट नाही. दहा माणसे आली तरी सुनावणी पूर्ण होते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. बहिष्काराने सुनावणी थांबेलच असे समजणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

सुनावणीतील हरकतींचे पुढे काय व्हावे, याविषयी गोव्यातील एका खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २००९ रोजी दिलेला 'उत्कर्ष मंडळ' निकाल प्राध्यापकांनी आवर्जून वाचण्याजोगा आहे. तज्ज्ञ मूल्यांकन समितीने जनसुनावणीतील हरकतींचा प्रत्यक्ष विचार केला पाहिजे आणि त्यांवरील मताची कारणे नोंदविली पाहिजेत, असे त्यात स्पष्ट केले आहे.

परंतु जनसुनावणीचा आवाका एका प्रकल्पापुरताच असतो. मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीतील प्रकल्पांना तीतून सूट मिळू शकते. जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने तेल व वायूच्या शोधकार्याला 'ब-२' या गटात टाकल्यामुळे त्यासाठी जनसुनावणीची आवश्यकता उरली नाही. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत पेट्रोलियम पदार्थ व एलएनजी यांची साठवण किनाऱ्यालगत करण्यास परवानगी आहे. ती मुभा द्यावी की नाही, हा प्रश्न प्रकल्पाच्या सुनावणीत विचारता येत नाही. तो विचारण्याची वेळ होती ती १८ एप्रिल २०१८ रोजी मसुदा प्रसिद्ध झाल्यानंतरच्या साठ दिवसांची. अंतिम अधिसूचना १८ जानेवारी २०१९ रोजी निघाली.

यातून एक विचित्र स्थिती निर्माण होते. धोरणाच्या पातळीवर हरकत घ्यावी तर किनाऱ्यावरचा माणूस 'संबंधित' ठरत नाही किंवा त्याला मसुद्याचा पत्ता नसतो. प्रकल्पाच्या पातळीवर तो उभा राहतो तेव्हा त्याच्या मूळ प्रश्नाला 'ही धोरणात्मक बाब आहे' असे उत्तर मिळते. एवढा प्रोपेन आयात करण्याची गरज आहे काय, तो याच खाडीतून का, वर्षाला किती जहाजे येतील आणि त्यांच्यासाठी मासेमारीस किती तास मज्जाव असेल, हे प्रश्न दोन्ही ठिकाणी अनुत्तरित राहतात. पहिल्या दारात ते फार स्थानिक ठरतात आणि दुसऱ्या दारात फार व्यापक.

रायगडला हा अनुभव नवा नाही. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी नवी मुंबई व बंदरासाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या संघर्षातून आली, कोणत्याही सल्लामसलतीतून नव्हे. २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई सेझच्या प्रश्नावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. एवढ्या थेट रीतीने मत विचारले गेल्याचे ते दुर्मीळ उदाहरण होय, आणि तेही आंदोलनानंतरच. मच्छीमारांच्या बाबतीत तर उत्तर उशिराने, नुकसान झाल्यावर, न्यायाधिकरणातून आले. उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा या कोळीवाड्यांतील १,६३० कुटुंबांना बंदराच्या विस्तार-भरावामुळे झालेल्या हानीबद्दल ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये दिला. हानीपूर्वी ऐकून घेण्याचा खर्च याहून कमी आला असता, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन इंधन तेल समुद्रात गेले, तेव्हा तवंग रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आला. ते जहाज तेलवाहू नव्हते. सांडले ते त्याचे स्वतःचे इंधन.

भाषेचा प्रश्न :

मार्च २०२० च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन मसुद्याच्या वेळी भाषेचा प्रश्न प्रथमच न्यायालयासमोर ठळकपणे आला. मसुदा इंग्रजी व हिंदीत होता, देश टाळेबंदीत होता आणि त्यात जनसुनावणीच्या सूचनेची मुदत तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणण्याचे प्रस्तावित होते. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली आणि मसुद्याचा आठव्या अनुसूचीतील भाषांत अनुवाद करून तो प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. केंद्राने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. राजभाषा अधिनियमानुसार इंग्रजी व हिंदी पुरेशा आहेत, अशी त्यामागील भूमिका होती. दरम्यान लाखोंच्या संख्येने अभिप्राय गेले आणि त्या मसुद्याला अंतिम रूप मिळाले नाही.

अनुवादाचा खर्च व वेळ हा आक्षेप पूर्णपणे पोकळ नाही. 'रिगॅसिफिकेशन'ला मराठीत काय म्हणावे यावर दोन अनुवादकांचे एकमत होणे कठीण. पण संपूर्ण मसुदा अनुवादित करावा असा आग्रह धरण्याचीही गरज नाही. २०१४ च्या धोरणात ज्या सोप्या टिपणाचा उल्लेख आहे, ते दोन-तीन पानांचे टिपण किनारी राज्यांच्या भाषांत निघाले आणि तहसील कार्यालय, ग्रामपंचायत व मच्छीमार संस्थेच्या फलकावर लागले, तरी निम्मे काम होईल. हे काम शासनाने करावयाचे आहे. ते होईपर्यंत जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी, अर्थशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनी एकत्र बसून एखाद्या मसुद्याचे टिपण तयार करणे हा विद्यार्थ्यांसाठी कोणत्याही गृहपाठाहून उपयुक्त प्रकल्प ठरेल.

वेळेचे भानही हवे. जून-जुलैतील मासेमारी बंदीच्या काळात होड्या ओढलेल्या असतात, लोक घरी असतात आणि संस्थेच्या सभा होतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्रावर गेलेला माणूस तीस दिवसांच्या मुदतीत लेखी हरकत देईल ही अपेक्षा दिल्लीच्या दिनदर्शिकेत बसते, कोळीवाड्याच्या नाही. आंध्र प्रदेशापासून गुजरातपर्यंत मासेमारी बंदीच्या तारखा शासनानेच ठरविलेल्या आहेत. मसुद्याची मुदत ठरविताना त्या पाहणे अशक्य नाही.

हरकत कशी लिहावी :

आयोग आणि मंत्रालये यांच्याकडे येणाऱ्या हरकतींपैकी पुष्कळशा 'आमचा विरोध आहे' एवढ्यावर थांबतात. त्यांची नोंद संख्येत होते, आशयात होत नाही. मसुद्यातील कोणत्या कलमास, त्यातील कोणत्या शब्दांस हरकत आहे आणि त्याऐवजी कोणते शब्द असावेत, हे लिहिणे आवश्यक असते. उदाहरणार्थ, साठवणूक केंद्राच्या नोंदणीविषयीच्या मसुद्यात अर्जदाराने बाजारातील मागणीचा अंदाज जोडावा असे म्हटले असेल, तर 'तसेच जहाजांची अपेक्षित वार्षिक संख्या, त्यांचा मार्ग आणि त्यामुळे मासेमारीस बंद राहणारे तास' एवढे शब्द वाढविण्याची मागणी करता येते. अशी मागणी फेटाळायची तर काहीतरी कारण शोधावे लागते. हरकतीसोबत स्थानिक वस्तुस्थितीचा पुरावा, म्हणजे मासळी उतरल्याच्या संस्थेच्या नोंदी, डोलींच्या जागांचा नकाशा, भरती-ओहोटीच्या वेळा जोडल्यास ती दिल्लीतील टेबलावर दुसऱ्या कोणाकडूनही येऊ न शकणारी माहिती ठरते. पोच घ्यावी, आणि निर्णय प्रसिद्ध झाल्यावर आपल्या हरकतीवर काय विचार झाला याची नस्ती माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली मागवावी. नस्तीवरील टिपणी आणि राजपत्रातील अंतिम शब्द शेजारी ठेवून वाचले, की पुढील हरकत कोणत्या कलमावर घ्यावयाची हे बहुधा तेथेच सापडते.